आधी रोजकीर्द, मग एच-इंडेक्स : संशोधकाने आपल्या प्रकाशनांची आणि सायटेशनची नोंद कशी बांधावी

प्राध्यापकांच्या पदोन्नतीसाठीची, म्हणजे स्थाननिश्चितीची शिबिरे जाहीर झाली की आमच्या ग्रंथालयातली गर्दी बदलते. एरवी स्पर्धा परीक्षेच्या मुलांनी भरलेल्या टेबलांवर जाडजूड फायली घेतलेले प्राध्यापक बसू लागतात आणि ग्रंथपाल म्हणून माझ्याकडे एक ठरलेली विनंती येते : "सर, माझा एच-इंडेक्स तेवढा काढून द्या." एच-इंडेक्स म्हणजे संशोधकाचे किती निबंध इतर निबंधांत किमान तितक्याच वेळा उद्धृत झाले आहेत हे सांगणारा आकडा, आणि अशा प्रत्येक उद्धरणाला सायटेशन म्हणतात. या विनंतीवर माझा प्रतिप्रश्नही ठरलेला असतो : कोणत्या डेटाबेसमधला आणि कोणत्या तारखेचा? तो ऐकून बहुतेकांना मी अडवणूक करतो आहे असे वाटते. वास्तविक गूगल स्कॉलर, स्कोपस आणि वेब ऑफ सायन्स या तिन्ही ठिकाणी एकाच माणसाचे एकाच दिवशीचे आकडे वेगवेगळे येतात आणि तिन्ही आपापल्या जागी बरोबर असतात. म्हणून डेटाबेसचे नाव आणि पाहिल्याची तारीख सोबत नसलेल्या आकड्याला फाईलमध्ये काहीही अर्थ नसतो.

मोंढ्यातला आडत्या आधी रोजकीर्द लिहितो, त्यावरून खतावणी करतो आणि ताळेबंद सर्वांत शेवटी मांडतो. आपल्याकडचे संशोधक मात्र ताळेबंदापासून सुरुवात करतात आणि मग त्याला जुळतील अशा नोंदी शोधत बसतात. या लेखातील क्रम आडत्याचा आहे. लातूर, नांदेड, परभणी, बीड, छत्रपती संभाजीनगर अशा ठिकाणच्या महाविद्यालयांत आणि विद्यापीठ विभागांत काम करणाऱ्या, विशेषतः विज्ञान शाखेच्या संशोधकांना समोर ठेवून तो लिहिला आहे.

पायरी पहिली : कच्ची नोंदवही

कोणतेही संकेतस्थळ उघडण्यापूर्वी एक साधी एक्सेल फाईल तयार करावी आणि एका शोधनिबंधाला एक ओळ द्यावी. रकाने असे असावेत : शीर्षक जसेच्या तसे, सर्व लेखकांची नावे छापलेल्या क्रमाने, आपण प्रथम लेखक आहोत, पत्रव्यवहारासाठी नमूद केलेले लेखक आहोत की सहलेखक, जर्नलचे पूर्ण नाव, आयएसएसएन (नियतकालिकाचा ओळख क्रमांक), खंड, अंक, पृष्ठे, प्रकाशनाचे वर्ष, डीओआय (निबंधाचा कायमचा डिजिटल ओळख क्रमांक) आणि निबंधावर छापलेला संस्थेचा पत्ता. शेवटी पुराव्याचा रकाना ठेवावा, म्हणजे निबंधाची पीडीएफ कोणत्या फोल्डरमध्ये आणि कोणत्या नावाने ठेवली आहे ते तिथे लिहावे.

ही नोंद स्मरणावरून किंवा जुन्या बायोडेटावरून भरू नये. निबंधाचे पहिले पान समोर ठेवूनच भरावी, कारण बायोडेटात वर्षे, पृष्ठक्रमांक आणि कित्येकदा जर्नलचे नावसुद्धा चुकलेले असते आणि ती चूक एका बायोडेटातून दुसऱ्यात अशी वर्षानुवर्षे उतरत राहते. ऑनलाइन प्रकाशन डिसेंबरमध्ये आणि अंक पुढल्या वर्षीच्या मार्चमध्ये, असे वारंवार घडते. अशा वेळी दोन्ही तारखा लिहाव्यात. मूल्यांकनाचा कालावधी कोणत्या तारखेला सुरू होतो आणि कोणत्या तारखेला संपतो, यावर तो निबंध धरला जाईल की नाही हे ठरते, आणि छाननी समितीपुढे बसल्यावर ही तारीख शोधणे फार अवघड जाते.

परिषदेच्या कार्यवृत्तातील लेख, पुस्तकातील प्रकरणे, स्मरणिकेतील सारांश आणि वर्तमानपत्रांतील लेख यांना वेगवेगळी पाने द्यावीत. महाविद्यालयात झालेल्या एक दिवसीय चर्चासत्राच्या विशेषांकातला लेख जर्नलच्या यादीत घुसवला, तर एका लेखामुळे सगळी यादी संशयास्पद ठरते.

पायरी दुसरी : नाव आणि पत्ता

सगळ्यात जास्त सायटेशन कुठे हरवत असतील तर ते नावात. मराठी नावाचे तीन भाग असतात आणि ते कोणत्या क्रमाने छापायचे याबाबत आपल्याकडे एकवाक्यता नाही. एका निबंधावर आडनाव आधी, दुसऱ्यावर नाव आधी, तिसऱ्यावर नुसती दोन आद्याक्षरे, तर चौथ्यावर वडिलांचे नाव हेच आडनाव समजून छापलेले असते. वाघमारे या आडनावाची इंग्रजी स्पेलिंगे निदान दोन तरी सापडतात. लग्नानंतर आडनाव बदललेल्या संशोधक स्त्रियांच्या बाबतीत तर पीएच.डी.च्या काळातले निबंध एका नावावर आणि नोकरीतले दुसऱ्या नावावर असे दोन संसार असतात. याच्या उलट अडचण म्हणजे नामसाधर्म्य. जाधव, पाटील, शिंदे, पवार यांच्यापुढे दोन आद्याक्षरे लावली की महाराष्ट्रभर त्याच नावाचे कितीतरी संशोधक निघतात.

यावरचा उपाय म्हणजे ऑर्किड, प्रत्येक संशोधकाला मिळणारा स्वतंत्र ओळख क्रमांक. ऑक्टोबर २०१२ मध्ये सुरू झालेली ही सेवा संशोधकांसाठी मोफत आहे. चार-चारच्या चार गटांत लिहिलेला हा सोळा अंकी क्रमांक आयुष्यभर तोच राहतो, मग नोकरी बदलो, गाव बदलो की आडनाव. शेवटच्या जागी कधी कधी अंकाऐवजी एक्स असतो, ती छपाईची चूक नव्हे. तो पडताळणीचा अंक असतो आणि दहा या संख्येसाठी तिथे एक्स लिहितात. नोंदणी करताना 'या नावानेही ओळखले जाते' असा एक भाग येतो. तिथे आपल्या नावाची आतापर्यंत छापली गेलेली सगळी रूपे भरावीत. खाते महाविद्यालयाच्या ईमेलवर उघडले असेल तर खासगी ईमेलही जोडून ठेवावा, कारण बदली किंवा निवृत्तीनंतर संस्थेचा ईमेल बंद होतो आणि खाते हाती राहत नाही.

पत्त्याचे दुखणे आपल्या भागात जरा जास्तच आहे. २३ ऑगस्ट १९५८ रोजी स्थापन झालेल्या मराठवाडा विद्यापीठाचा १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार होऊन ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ झाले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले आणि तिथल्या अनेक महाविद्यालयांची संलग्नता बदलली. परभणीच्या १९७२ च्या मराठवाडा कृषी विद्यापीठाला २०१३ मध्ये वसंतराव नाईक यांचे नाव मिळाले. २०२३ मध्ये औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचे धाराशिव झाले. परिणामी तीस वर्षे एकाच इमारतीत काम केलेल्या प्राध्यापकाच्या निबंधांवर चार प्रकारचे पत्ते असू शकतात आणि डेटाबेसमधली यंत्रणा त्यांना चार वेगळ्या संस्था समजू शकते. जुन्या निबंधांवरचा पत्ता बदलण्याचा प्रयत्न करू नये, कारण तो त्या काळचा पुरावा आहे. मात्र पुढच्या प्रत्येक निबंधावर विद्यापीठाच्या परिपत्रकातले इंग्रजी नाव पूर्ण, तेच आणि त्याच स्पेलिंगने लिहावे. संक्षेप वापरू नयेत.

पायरी तिसरी : गूगल स्कॉलर, स्कोपस आणि वेब ऑफ सायन्स

गूगल स्कॉलर नोव्हेंबर २००४ मध्ये सुरू झाले. ते मोफत आहे, त्याची व्याप्ती मोठी आहे आणि प्रबंध, पुस्तके, कार्यवृत्ते, इतकेच काय पण संकेतस्थळावर ठेवलेल्या व्याख्यानाच्या टिपणांतूनही ते सायटेशन उचलते. त्यामुळे तिथला आकडा सहसा सर्वांत मोठा असतो आणि सर्वांत कमी गाळलेलाही असतो.

प्रोफाइल उघडताना सगळा घोटाळा पहिल्याच टप्प्यावर होतो. आपल्या नावाशी जुळणाऱ्या निबंधांचे गट समोर येतात आणि माणूस घाईघाईने सगळे निवडून पुढे जातो. काही वर्षांपूर्वी एक तरुण प्राध्यापक चौदा एच-इंडेक्सचे प्रोफाइल छापून घेऊन माझ्याकडे आले होते. विषय त्यांचा वनस्पतिशास्त्र, पण यादीत निम्मे निबंध लेसर भौतिकीचे होते. दुसऱ्या राज्यातल्या कुणा नावबंधूंचे काम त्यांच्या पदरात पडले होते. त्यांनी मुद्दाम केले नव्हते, पण छाननी समितीने ते मुद्दाम केले असेच धरले असते. ते निबंध काढल्यावर एच-इंडेक्स पाचवर आला. तो आकडा पाहून ते हिरमुसले खरे, पण पाच त्यांचा स्वतःचा होता.

म्हणून प्रोफाइल उघडताच नोंदवहीतली एकेक ओळ त्याच्याशी जुळवावी. जी नोंद वहीत नाही ती प्रोफाइलमधून काढावी आणि जी वहीत आहे पण प्रोफाइलमध्ये नाही ती हाताने घालावी. एकच निबंध दोनदा दिसत असेल, एकदा प्रकाशकाच्या संकेतस्थळावरून आणि एकदा कुठल्यातरी चुकीच्या उताऱ्यावरून, तर दोन्ही निवडून एकत्र करावेत म्हणजे विखुरलेली सायटेशन एका ठिकाणी येतात. सेटिंगमध्ये नव्या निबंधांबाबत दोन पर्याय असतात : यंत्रणेने ते आपोआप जोडावेत, किंवा आधी ईमेल पाठवून आपली संमती घ्यावी. दुसरा पर्याय निवडावा. पहिला ठेवला की वर्षभराने नावबंधू परत घरात शिरतो.

स्कोपसही २००४ मधलेच, पण ते एल्सेव्हिअर या प्रकाशन कंपनीचे आहे आणि निवडक जर्नलेच त्यात घेतली जातात. पूर्ण वापरासाठी वर्गणी लागते. तरीही दोन गोष्टी वर्गणीशिवाय पाहता येतात. लेखकाचे नाव शोधून त्याच्या निबंधांची संख्या, सायटेशन आणि एच-इंडेक्स दिसतो, आणि कोणते जर्नल कोणत्या वर्षापासून कोणत्या वर्षापर्यंत घेतले आहे त्याची यादी खुली असते. इथे प्रोफाइल आपण उघडायचे नसते. यंत्रणाच ते बनवते आणि नावाच्या वेगवेगळ्या रूपांमुळे एकाच माणसाची दोन-तीन प्रोफाइल बनलेली असतात. ती एकत्र करण्याची विनंती मोफत खाते उघडून ऑनलाइन करता येते. विनंती केल्यावर बदल दिसायला वेळ लागतो, त्यामुळे हे काम शिबिराच्या आदल्या आठवड्यासाठी ठेवू नये.

वेब ऑफ सायन्सचे मूळ युजीन गारफिल्ड यांनी १९६४ मध्ये काढलेल्या सायन्स सायटेशन इंडेक्समध्ये आहे. आज ते क्लॅरिव्हेट या कंपनीकडे आहे. जर्नल त्यात आहे की नाही हे त्यांच्या मोफत मास्टर जर्नल लिस्टवर पाहता येते. आपल्या महाविद्यालयात याची वर्गणी नसेल तर विद्यापीठाच्या मुख्य ग्रंथालयात जाऊन विचारावे. १ जानेवारी २०२५ पासून सुरू झालेल्या 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजनेमुळे सरकारी उच्च शिक्षण संस्थांना ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० जर्नले खुली झाली आहेत. ही सोय निबंध वाचण्यासाठी आहे. आपल्याला कुणी उद्धृत केले आणि काय म्हणून केले हे मूळ निबंध उघडून पाहायला, म्हणजे पुढे ज्या पायरीबद्दल मी बोलणार आहे तिच्यासाठी, ती फार कामाची आहे. विद्वान हा तज्ज्ञांचा डेटाबेस आणि शोधगंगा हा प्रबंधांचा संग्रह, दोन्ही गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राचे आहेत. त्यांतली आपली नोंदही याच बैठकीत तपासून घ्यावी.

पायरी चौथी : जर्नल खरे की खोटे

या पायरीवर घाई करू नये. आयएसएसएन क्रमांक म्हणजे दर्जाचा शिक्का असा समज आपल्याकडे खोलवर रुजला आहे आणि तो चुकीचा आहे. तो फक्त नियतकालिकाचा ओळख क्रमांक आहे. साप्ताहिकालाही मिळतो, पंचांगासारख्या वार्षिकालाही मिळू शकतो. मात्र क्रमांक बनावट आहे का हे ओळखायला एक सोपे गणित आहे. बंगळुरूहून १९३२ पासून निघणाऱ्या करंट सायन्सचा क्रमांक ००११-३८९१ असा आहे. पहिल्या सात अंकांना अनुक्रमे ८, ७, ६, ५, ४, ३, २ ने गुणून बेरीज केली की ० + ० + ६ + ५ + १२ + २४ + १८ म्हणजे ६५ येतात. ६५ ला ११ ने भागल्यावर बाकी १० उरते. ती ११ मधून वजा केली की १ येतो, आणि तोच आठवा अंक आहे. बाकी शून्य आली तर आठवा अंक शून्य असतो आणि वजाबाकी १० आली तर तिथे एक्स असतो. गणित जमले नाही तर क्रमांक निश्चित चुकीचा. जमले तरी तो त्याच जर्नलचा आहे का हे आयएसएसएनच्या आंतरराष्ट्रीय पोर्टलवर पाहावे लागते, कारण दुसऱ्याचा खरा क्रमांक लावून, दुसऱ्याच्याच नावाने हुबेहूब संकेतस्थळ उभे करणारेही आहेत.

इम्पॅक्ट फॅक्टरचेही असेच आहे. जर्नलच्या आधीच्या दोन वर्षांतल्या निबंधांना एका वर्षात सरासरी किती सायटेशन मिळाली हे सांगणारा हा आकडा क्लॅरिव्हेटच्या जर्नल सायटेशन रिपोर्ट्समध्ये दर वर्षी प्रसिद्ध होतो. समजा एका जर्नलने २०२२ मध्ये ६० आणि २०२३ मध्ये ७० निबंध छापले आणि त्या १३० निबंधांना २०२४ या एका वर्षात १९५ सायटेशन मिळाली, तर २०२४ चा इम्पॅक्ट फॅक्टर १९५ भागिले १३०, म्हणजे १.५ झाला. यापेक्षा वेगळ्या, 'जागतिक', 'वैज्ञानिक', 'वैश्विक' अशा भारदस्त विशेषणांच्या आकड्यांनी जर्नलचे मुखपृष्ठ सजलेले असेल, तर तो आकडा नोंदवहीत घेऊच नये. जर्नल दोन-तीन वर्षांचेच आहे, निबंध स्वीकारायला चार दिवस लागले आणि मुखपृष्ठावर इम्पॅक्ट फॅक्टर साडेसात छापला आहे, असे दिसले तर आणखी चौकशीची गरजच नाही.

स्कोपसच्या यादीत जर्नल आहे एवढे पाहून थांबू नये. कोणत्या वर्षांपर्यंत आहे तेही पाहावे. यादीतून वगळलेली जर्नले पुढे वर्षानुवर्षे 'स्कोपस इंडेक्स्ड' अशी जाहिरात करत राहतात. निबंधाचे वर्ष त्या कालावधीत बसते का, एवढाच प्रश्न विचारायचा असतो. तसेच वेब ऑफ सायन्समधील इमर्जिंग सोर्सेस या विभागातल्या जर्नलांना इम्पॅक्ट फॅक्टर मिळू लागला तो २०२३ पासून. त्यामुळे अशा जर्नलमधल्या २०१९ च्या निबंधापुढे त्या वर्षीचा इम्पॅक्ट फॅक्टर लिहिलेला असेल तर तो कुठून आला हे विचारले जाणारच.

मान्य जर्नलांच्या यूजीसी-केअर यादीविषयी एवढेच सांगायचे की विद्यापीठ अनुदान आयोगाने ती फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद केली आणि जर्नल निवडण्याची जबाबदारी संस्थांवर व संशोधकांवर सोपवली. यादी चालू असतानाच्या निबंधांसाठी, त्या तारखेला जर्नल यादीत होते याचा स्क्रीनशॉट असेल तर तो जपून ठेवावा. नसेल तर निदान त्या काळातला पत्रव्यवहार शोधावा.

पायरी पाचवी : आता आकडे

नोंदवही स्वच्छ झाली की मोजणी अर्ध्या तासाची आहे. एच-इंडेक्स ही कल्पना कॅलिफोर्नियातील भौतिकशास्त्रज्ञ जॉर्ज हर्श यांनी २००५ मध्ये मांडली. निबंध सायटेशनच्या उतरत्या क्रमाने लावायचे आणि ज्या क्रमांकापर्यंत सायटेशन क्रमांकाइतकी किंवा त्याहून जास्त आहेत तिथे थांबायचे. समजा एखाद्याचे चौदा निबंध आहेत आणि सायटेशन ४१, २७, १९, १२, ९, ८, ७, ५, ४, २, १, ०, ०, ० अशी आहेत. सातव्या निबंधाला ७ आहेत, आठव्याला ५ म्हणजे आठपेक्षा कमी आहेत. म्हणून एच-इंडेक्स ७. गूगल स्कॉलरचा आय-टेन इंडेक्स म्हणजे दहा किंवा अधिक सायटेशन मिळालेल्या निबंधांची संख्या, ती इथे ४. एकूण सायटेशन १३५. लिओ एग्गे यांनी २००६ मध्ये सुचवलेला जी-इंडेक्स काढताना वरच्या निबंधांची सायटेशन मिळवत जायचे आणि ती बेरीज क्रमांकाच्या वर्गाइतकी किंवा जास्त असेपर्यंत पुढे जायचे. अकरा निबंधांची बेरीज १३५ ही १२१ पेक्षा जास्त आहे, पण बाराव्याला १४४ लागतात. म्हणून जी-इंडेक्स ११.

या माणसाने आपलीच सायटेशन किती केली? पहिल्या सात निबंधांतून ती वजा केल्यावर ३५, २४, १७, ९, ६, ६, ४ असे उरले, तर एच-इंडेक्स ६ होतो. स्वतःचे आधीचे काम उद्धृत करणे हा गुन्हा नाही. सलग एकाच संयुगावर किंवा एकाच पिकावर काम करणाऱ्याला ते करावेच लागते. परंतु स्कोपस आणि वेब ऑफ सायन्समध्ये स्व-सायटेशन वगळून आकडा पाहण्याची सोय आहे आणि समितीतला जाणकार ती वापरतो. तेव्हा दोन्ही आकडे आपणच शेजारी-शेजारी लिहिलेले बरे.

तुलना करताना विषय सोडून बोलू नये. गणितात एका निबंधाला दहा सायटेशन मिळायला जितकी वर्षे लागतात तितक्यात औषधी रसायनशास्त्रातल्या निबंधाला कितीतरी पट मिळून जातात, कारण तिथे माणसे जास्त, निबंध जास्त आणि प्रत्येक निबंधाखालची संदर्भसूचीही लांब. हर्श यांनीही आपल्या मूळ निबंधात विषयाविषयांतला हा फरक नोंदवला होता आणि एका आकड्यातून माणसाचे पूर्ण चित्र कधीच मिळत नाही हेही सांगितले होते. आपल्याकडे त्यांचा इंडेक्स पोचला, त्यांचा इशारा मात्र वाटेतच कुठेतरी राहिला.

पायरी सहावी : २०१८ च्या विनियमानुसार गुण

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या प्राध्यापकांची भरती व पदोन्नती यांविषयीच्या जुलै २०१८ च्या विनियमात विज्ञान, अभियांत्रिकी, कृषी, वैद्यक शाखांना एका निबंधाचे ८ आणि भाषा, मानव्यविद्या, सामाजिक शास्त्रे यांना १० गुण आहेत. त्यांत इम्पॅक्ट फॅक्टरनुसार भर पडते : इम्पॅक्ट फॅक्टर नसलेल्या पण तज्ज्ञांनी तपासलेल्या जर्नलसाठी ५, एकपेक्षा कमी असल्यास १०, एक ते दोन असल्यास १५, दोन ते पाच असल्यास २०, पाच ते दहा असल्यास २५ आणि दहाच्या वर ३०. लेखक दोन असतील तर प्रत्येकाला एकूण गुणांच्या ७० टक्के मिळतात. दोनपेक्षा जास्त असतील तर प्रथम, प्रमुख किंवा पत्रव्यवहार करणाऱ्या लेखकाला ७० टक्के आणि इतर प्रत्येकाला ३० टक्के मिळतात.

उदाहरणार्थ १.६ इम्पॅक्ट फॅक्टरच्या जर्नलमध्ये रसायनशास्त्रातल्या तिघांचा निबंध आला तर ८ आणि १५ मिळून २३ होतात. पत्रव्यवहार करणाऱ्या लेखकाला १६.१ आणि उरलेल्या दोघांना प्रत्येकी ६.९. या विनियमातील थेट भरतीसाठी सहयोगी प्राध्यापकाला किमान सात प्रकाशने व ७५ संशोधन गुण, तर प्राध्यापकाला किमान दहा प्रकाशने व १२० गुण लागतात. नोंदवहीत लेखकाच्या भूमिकेचा रकाना ठेवायला सांगितला तो याच कारणाने. कोणत्या वर्षीचा इम्पॅक्ट फॅक्टर धरायचा हे आपल्या विद्यापीठाच्या परिपत्रकावरून ठरवावे आणि निवडलेले वर्ष सर्व निबंधांना सारखे लावावे. सोयीप्रमाणे इथे एक, तिथे दुसरे असे केलेले लगेच दिसते.

परभणीच्या कृषी विद्यापीठातील मंडळींची पद्धत थोडी वेगळी आहे. नवी दिल्लीच्या राष्ट्रीय कृषी विज्ञान अकादमीने जर्नलांना दिलेले नास गुणांकन तिथे चालते. इम्पॅक्ट फॅक्टर असलेल्या जर्नलच्या बाबतीत त्या फॅक्टरमध्ये ६ मिळवून ते काढतात. हे गुणांकन आणि इम्पॅक्ट फॅक्टर एकाच रकान्यात भरल्याने ७.६ चा इम्पॅक्ट फॅक्टर असलेले जर्नल परभणीच्या यादीत अवतरल्याचे मी पाहिले आहे. प्रत्यक्षात तो १.६ होता.

पायरी सातवी : सायटेशन उघडून वाचणे

बहुतेक जण ही पायरी गाळतात. मला विचाराल तर खरा दस्तऐवज इथेच तयार होतो. सर्वाधिक सायटेशन मिळालेले तीन किंवा चार निबंध घ्यावेत आणि त्यांना उद्धृत करणारा प्रत्येक निबंध उघडून आपले नाव कोणत्या वाक्यात आले आहे ते वाचावे. प्रस्तावनेत बारा जणांच्या कंसात आपण एक आहोत, की आपली पद्धत वापरून त्यांनी प्रयोग केला आहे, की आपला निष्कर्ष तपासून तो चुकीचा ठरवला आहे? तिन्ही ठिकाणी आकड्यात एकचीच भर पडते, पण समितीपुढे सांगण्यासारखे दुसऱ्या आणि कधी कधी तिसऱ्या प्रकारातच असते. उद्धृत करणाऱ्यांचे देश, त्यांच्या संस्था आणि वापराचे स्वरूप अशी एक छोटी सारणी बनवावी. 'माझ्या २०१६ च्या निबंधातील निष्कर्षण पद्धत नंतर पाच स्वतंत्र प्रयोगशाळांनी वापरली, निबंध सोबत जोडले आहेत' हे एक वाक्य एच-इंडेक्सच्या आकड्यापेक्षा जास्त सांगते. २०१२ च्या डिसेंबरमध्ये सॅन फ्रान्सिस्कोत तयार झालेल्या, संशोधनाच्या मूल्यांकनावरच्या डोरा जाहीरनाम्याचाही आग्रह हाच आहे की जर्नलच्या आकड्यावरून एखाद्या निबंधाची किंवा संशोधकाची किंमत करू नये.

हरवलेली सायटेशनही याच वेळी सापडतात. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपावरचे संशोधन शोधून पाहावे. कुठे गावाचे नाव, तेही दोन-तीन स्पेलिंगांनी, तर कुठे लातूर भूकंप असा उल्लेख मिळतो. उद्धृत करणाऱ्याने शीर्षकातला एवढा एक शब्द बदलला तरी यंत्रणेला दुवा जुळवता येत नाही. त्यामुळे आपल्या शीर्षकातली गावे, वनस्पती, पिके यांची नावे वेगवेगळ्या स्पेलिंगांनी शोधावीत. सापडलेली चूक त्या डेटाबेसला कळवली तर दुरुस्ती होते.

मराठीतून लिहिलेल्या आणि स्थानिक स्वरूपाच्या संशोधनाला ही सगळी मोजपट्टी तोकडी पडते. संतसाहित्यावरचा मराठी लेख स्कोपसमध्ये दिसणार नाही, आणि परभणी क्रांती भेंडी किंवा परभणी शक्ती ज्वारी पेरणारा शेतकरी संदर्भसूची लिहीत नाही. अशा कामासाठी वेगळा पुरावा गोळा करावा : अभ्यासक्रमातील संदर्भग्रंथांच्या यादीत समावेश, शोधगंगेवरील प्रबंधांत झालेला वापर, वाणाची अधिसूचना, विद्यापीठाच्या शिफारशी, बियाणे वितरणाच्या नोंदी. डेटाबेसमध्ये शून्य दिसते म्हणून फाईलमध्येही शून्य लिहून मोकळे होऊ नये.

पायरी आठवी : फाईल बंद करताना

एकाच दिवशी तिन्ही डेटाबेसचे स्क्रीनशॉट घ्यावेत, त्यांवर संगणकाची तारीख दिसू द्यावी आणि एका कोष्टकात डेटाबेस, तारीख, निबंधसंख्या, एकूण सायटेशन, स्व-सायटेशन वगळून सायटेशन आणि एच-इंडेक्स एवढे भरावे. तिन्ही आकड्यांत फरक का आहे याची दोन ओळींची टीप खाली द्यावी. यादीतला एखादा निबंध मागे घेतला गेला आहे का हेही पाहावे. डीओआय देणाऱ्या क्रॉसरेफ या संस्थेने सप्टेंबर २०२३ मध्ये मागे घेतलेल्या निबंधांची नोंद ठेवणारा रिट्रॅक्शन वॉचचा डेटाबेस घेऊन तो सर्वांसाठी खुला केला आहे. सहलेखकाच्या चुकीमुळे मागे घेतलेला निबंध आपल्या यादीत राहिला आणि तो समितीने शोधला, तर खुलासा करायला तोंड राहत नाही.

ही सगळी तपासणी वर्षातून दोनदा, मी तरी दिवाळीच्या आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत, करायला सांगतो. पहिल्यांदा आठवडा जातो, नंतर एक दुपार पुरते. पीडीएफची नावे वर्ष, प्रथम लेखकाचे आडनाव आणि जर्नल या क्रमाने ठेवावीत आणि सगळे फोल्डर पेनड्राइव्हशिवाय आणखी एका ठिकाणी जपावे. आमच्याकडे शिबिराच्या आदल्या दिवशी पेनड्राइव्ह उघडत नसल्याची तक्रार घेऊन दर वर्षी एक तरी जण येतोच.